माती, कापूस आणि तारा : लहानग्यांसाठी घरच्या घरी नाताळचे खेळ





नाताळ जवळ आला की आपल्या मंडळ्यांमधून एक प्रश्न हमखास येतो : "ताई, वस्तीवरच्या लहान मुलांसाठी काय पाठवू?" कोणी रंगीत खडूंच्या पेट्या पाठवू म्हणतात, कोणी चमकी लावलेले तारे, कोणी प्लॅस्टिकचे झाड. या प्रश्नामागची माया मी ओळखते. पण त्याच्या आधी दुसरा एक प्रश्न विचारावा असे मला वाटते : तीन ते सहा वर्षांच्या लेकराला सणाच्या दिवसांत खरोखर काय हवे असते? माझ्या अनुभवात त्याचे उत्तर बाजारात कमी आणि अंगणात जास्त सापडते. मूठभर माती, ओंजळभर कापूस, चार चिपाडे, आणि शेजारी बसून त्याच्याशी बोलणारे एक मोठे माणूस. या अंकात अशाच काही खेळांची माहिती देत आहे. वस्तीवर आम्ही ते करतोच, पण आपल्या घरी नातवंडे असतील तर आपणही करू शकाल.

आमच्याकडची लेकरे

आष्टी तालुका बीड जिल्ह्याच्या पश्चिमेला, अहिल्यानगरच्या हद्दीला लागून आहे. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये आष्टीपर्यंत रेल्वे आली, पण पाऊस मात्र पूर्वीसारखाच बेभरवशाचा. दसरा-दिवाळी झाली की गावे रिकामी होऊ लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायकोची जोडी म्हणजे 'एक कोयता'. असे कोयते ट्रक-ट्रॅक्टरमध्ये संसार भरून सांगली-कोल्हापूरकडे, पुणे-नगरच्या कारखान्यांकडे, काही थेट कर्नाटकात जातात, ते मार्च-एप्रिलमध्ये परततात. आपण ज्या भिल्ल आणि पारधी वस्त्यांवर काम करतो, तिथलीही बरीच घरे या वाटेने जातात.

शाळेत जाणारी मुले आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात राहू शकतात. सहा वर्षांच्या आतले लेकरू मात्र बहुधा आईबरोबरच फडावर जाते. त्याचे नाव गावच्या अंगणवाडीच्या पटावर असते आणि ते स्वतः उसाच्या पाचटावर बसलेले असते. नाताळ येतो तो नेमका या काळात. त्यामुळे 'घरच्या घरी' म्हणताना आमच्यापुढे घर म्हणजे कधी वस्तीवरचे पत्र्याचे छप्पर असते, कधी उसाच्या फडाजवळची कोपी.

ही वर्षे हातची गेली तर काय होते, हे आपण समजून घेतले पाहिजे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये म्हटले आहे की मुलाच्या मेंदूची ८५ टक्क्यांहून अधिक वाढ सहा वर्षांच्या आत होते. या वयात मूल पुस्तकातून शिकत नाही. ते हाताने चाचपून, नाकाने हुंगून, कानाने ऐकून, जिभेने चाखून शिकते. पहिलीत बसल्यावर ज्याला पेन्सिल धरता येत नाही किंवा बाईंचे शब्द कळत नाहीत, त्याच्यात बुद्धी नसते असे नाही. पुष्कळदा त्याच्या बोटांना आणि कानांना सरावच मिळालेला नसतो. तेच मूल मागे पडते, मग शाळा सोडते, आणि पुढे एक नवा कोयता तयार होतो.

हे कोणी शोधून काढले?

मुलाला वस्तूंना हात लावून शिकू द्यावे, या विचाराला जगभर पोहोचवले ते डॉ. मारिया मॉन्टेसोरी यांनी. १९०७ साली रोममधल्या एका गरीब वस्तीत त्यांनी पहिले बालगृह उघडले. १९३९ मध्ये त्या भारतात आल्या आणि महायुद्धामुळे काही वर्षे इथेच राहिल्या. त्यांची साधने मात्र लाकडी, मोजूनमापून केलेली आणि महाग होती.

आपल्या महाराष्ट्रात हा विचार आदिवासी अंगणापर्यंत नेला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी. ताराबाईंनी १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन केला. १९४५ साली त्यांनी बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि अनुताई त्यांना येऊन मिळाल्या. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. हा सगळा वारली वस्त्यांचा भाग, तेव्हाचा ठाणे जिल्हा, आजचा पालघर. मुले शाळेत येत नाहीत असे दिसल्यावर या दोघींनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. महागड्या साधनांऐवजी शंख-शिंपले, बिया, पाने, खडे वापरले. आज आपण सहजपणे 'अंगणवाडी' म्हणतो, त्या कल्पनेची मुळे या कामात आहेत. सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना त्यानंतर कितीतरी वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली.

मी हे मुद्दाम सांगते. आपल्या कामात आपण काही नवे करत आहोत असे नाही. ज्या बायांनी आपल्याआधी हे नांगर धरले, त्यांच्याच सऱ्यांतून आपण चालतो.

बसण्याआधी चार गोष्टी

पहिली : नमुना करून दाखवू नका. मोठ्या माणसाने सुबक तारा करून समोर ठेवला की मूल एक तर हात आखडते किंवा "तूच करून दे" म्हणते. साहित्य पुढे ठेवा आणि आपणही शेजारी बसून काहीतरी करत राहा.

दुसरी : बोलत राहा. मराठीत स्पर्शाचे शब्द किती आहेत पाहा! खरखरीत, गुळगुळीत, भुसभुशीत, लुसलुशीत, बुळबुळीत, लिबलिबीत, चिकट, ठिसूळ, टणक. "कसं लागतंय?" असे विचारा आणि मुलाला शब्द सापडेपर्यंत थांबा. भिल्ल आणि पारधी घरांत घरची बोली वेगळी असते. तिथे आधी त्याच्या आईचा शब्द, मग मराठी शब्द. आईच्या शब्दाला मान मिळाला की मुलाचा आवाज मोठा होतो, हे मी पुनःपुन्हा पाहिले आहे.

तिसरी : बळजबरी नको. काही मुलांना चिखलात हात घालणे नकोसे वाटते. त्यांच्या हाती काडी द्या, काडीने ढवळू द्या. दोन-चार दिवसांनी बोट आपोआप आत जाते.

चौथी : वेळ थोडा ठेवा. या वयाचे मूल दहा-पंधरा मिनिटे रमले तरी पुष्कळ. कंटाळले तर सोडून द्या.

सहा खेळ

१. गव्हाण. येशूबाळाला गव्हाणीत ठेवले, हे शहरातल्या मुलाला समजावून सांगावे लागते. आमच्या मुलांना नाही. फडावर बैलगाडीवाल्यांचे बैल त्यांच्या कोपीशेजारीच बांधलेले असतात. शिवाय साखर कारखान्यात ऊस जिथून आत सोडतात त्या जागेलाही गव्हाणच म्हणतात. हंगामाची पहिली मोळी 'गव्हाणीत' टाकून गाळप सुरू होते. तेव्हा हा शब्द त्यांच्या रोजच्या जगण्यातला आहे.

यासाठी माती हवी. गोठ्याजवळची किंवा फवारणी झालेल्या शेतातली माती घेऊ नका. वरचा थर बाजूला सारून खालची घ्या, उन्हात वाळवा, चाळणीने चाळा. आमच्याकडची काळी माती वाळताना तडकते, म्हणून तिच्यात थोडी चाळलेली राख आणि बारीक केलेला भुसा मिसळावा. पाणी थोडे थोडे घालत मुलालाच मळू द्या. मळणे हाच खेळाचा मोठा भाग आहे : मनगट, तळवा, बोटे सगळे कामाला लागते. गोळ्यात अंगठ्याने खळगा केला की गव्हाण झाली. आत पाचट किंवा कडब्याची कुट्टी. ती हुंगायला सांगा, कानाशी चुरगळायला सांगा. चिंधीची इवलीशी बाहुली करून तिच्यात निजवा. देवाने मनुष्य मातीपासून घडवला ही गोष्ट सांगायची असेल, तर हात मातीत असताना सांगण्यासारखी दुसरी वेळ नाही.

२. मेंढरू. डिसेंबरात आमच्याकडे कापसाची वेचणी चाललेली असते. मूठभर कापूस आणा आणि बोटांनी सरकी वेगळी काढायला द्या. दोन बोटांच्या चिमटीत धरून ओढणे ही पुढे पेन्सिल धरण्याची पूर्वतयारीच आहे. मोकळा झालेला कापूस पुठ्ठ्याच्या तुकड्यावर किंवा मातीच्या ओल्या गोळ्यावर चिकटवला की मेंढरू झाले. चिकटवायला कणकेची पातळ खळ पुरते. धनगरांचे वाडे उतरले असतील तर खऱ्या लोकरीचा पुंजका मागून आणा. कापूस आणि लोकर डोळे मिटून ओळखायला सांगा. लूकच्या शुभवर्तमानात पहिली बातमी कळली ती रात्री उघड्यावर मेंढरे राखणाऱ्यांना. कोपीत राहणाऱ्या मुलाला त्या माणसांची थंडी वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

३. तारा. ज्वारीच्या वाळक्या धांड्याच्या कांड्या घ्या. वरची साल मोठ्यांनी काढावी, तिची धार बोट कापते. आतला गाभा हलका आणि मऊ असतो, दाबला की दबतो. तीन-तीन कांड्यांचे दोन त्रिकोण चिंधीच्या दोरीने बांधून एकमेकांवर ठेवले की सहा टोकांचा तारा होतो. बांधायचे मोठ्यांनी, चिंध्या गुंडाळायच्या मुलाने. मोठी भावंडे याच चिपाडांची बैलगाडी करतात, तीही गव्हाणीशेजारी उभी राहू द्या. शहरातल्या घरी दिवाळीच्या आकाशकंदिलाच्या कामट्या जपून ठेवा, त्यांच्यावर पतंगाचा कागद मुलाने चिकटवावा.

४. वासाच्या पुरचुंड्या. मत्तयाच्या शुभवर्तमानात मागी लोकांनी सोने, ऊद आणि गंधरस आणला. त्यातली दोन दाने वासाची, हे आपण मोठी माणसे विसरतो, मुले विसरत नाहीत. जुन्या सुती साडीचे चौकोन कापा. एकात ऊद (न पेटवता), एकात गवती चहा, एकात लवंग, एकात वाळलेली संत्र्याची साल, एकात ओली माती असे घालून घट्ट बांधा. मुलाने हुंगून ओळखायचे. मग विचारा : "आपल्या घराचा वास कसा असतो?" या प्रश्नाला धूर, भाकरी, आईचा पदर अशी उत्तरे मिळतात. ती ऐकण्यासाठी तरी हा खेळ खेळा.

५. हळदीची जादू. पाण्यात हळद कालवून पिवळा रंग करा. जुन्या पाठकोऱ्या कागदावर किंवा पांढऱ्या चिंधीवर बोटांनी रंगवू द्या. दुसऱ्या वाटीत खाण्याचा सोडा पाण्यात विरघळवा. हळदीवर ते पाणी टेकवले की रंग लालसर होतो. त्यावर लिंबू पिळले की पुन्हा पिवळा. कितीही वेळा केले तरी मुलांचे डोळे तितकेच मोठे होतात. बिटाचा गुलाबी, पालकाचा हिरवा, गेरूचा तांबडा, विझलेल्या कोळशाचा काळा : एवढ्यात घर, झाड, चांदणी सगळे रंगते. हळदीला चुना लावूनही लाल रंग येतो, पण चुना डोळ्यात गेला तर डोळा भाजतो. मुलांच्या खेळात चुना आणू नका.

६. पाण्याचे चित्र. काहीच साहित्य नसेल तेव्हाचा हा खेळ. वाटीभर पाणी आणि चिंधी गुंडाळलेली काडी. मातीच्या भिंतीवर किंवा फरशीवर पाण्याने चित्र काढायचे. ओले तेवढे गडद दिसते, थोड्या वेळाने उन्हाने पुसले जाते, मग पुन्हा नवे. "चुकलं" म्हणायला जागाच नाही. भित्र्या मुलासाठी याच्याइतकी चांगली सुरुवात मला माहीत नाही.

पिठाचे काय?

नाताळच्या हस्तकलेत कणीक-मिठाच्या गोळ्यापासून तारे, घंटा करण्याची पद्धत आहे. दोन वाट्या कणीक, एक वाटी मीठ, लागेल तसे पाणी. घट्ट मळून आकार करायचे आणि उन्हात वाळवायचे. आपल्या घरी हे खुशाल करा, मात्र मूल गोळा खाणार नाही याकडे लक्ष ठेवा, मीठ फार असते. वस्तीवर आम्ही हे करत नाही. ज्या घरात पीठ मोजून काढतात, तिथे पिठाचा खेळ करून तो टाकून देणे मला योग्य वाटत नाही, आणि त्या आईलाही ते सहन होत नाही.

तिथे आपली जुनी चानकीच उपयोगी पडते. भाकरी करताना आई बाजूला लिंबाएवढा गोळा काढते आणि लेकराच्या हाती देते. ते थापते, वाकडीतिकडी करते, बोटाने त्यावर डोळे काढते. मग ती तव्यावर जाते, फुगते किंवा फुगत नाही, आणि पोटात जाते. ऊब, वास, चव, स्पर्श, आवाज सगळे त्यात आले, आणि काही वाया गेले नाही. नाताळच्या आठवड्यात चानकीला ताऱ्याचे कोपरे काढा म्हणून सांगितले की झाला सणाचा खेळ.

धोके ओळखा

चिंचोके, मणी, खडे, सरकी तीन वर्षांच्या आतल्या मुलापुढे ठेवू नका. श्वासनलिकेत अडकतात. मोठ्या मुलांनाही मोजून द्या आणि मोजून परत घ्या. पेरणीच्या बियाण्याला औषध चोळलेले असते, ते रंगीत दिसते म्हणून मुले उचलतात. ते खेळात कधीही नको. फवारणीच्या औषधाचे डबे, बाटल्या कितीही धुतल्या तरी रंगांसाठी वापरू नका. चमकी आणि बाजारची रंगीत रांगोळी डोळ्यांत आणि नाकात जाते. कापूस आणि पेटता दिवा एका जागी नको. खेळ संपल्यावर साबणाने हात धुणे हाही खेळाचाच भाग समजा : फेसाचा स्पर्श मुलांना आवडतोच.

फडावर नेण्याची थैली

दिवाळीनंतर जी घरे निघतात, त्यांच्याबरोबर जुन्या साडीची एक थैली द्यायची, अशी पद्धत आम्ही ठेवली आहे. तिच्यात काय असते? चिंध्यांचे पाच तुकडे, प्रत्येकाचा पोत वेगळा. झाकणाची एक डबी, खुळखुळ्यासाठी. गुलमोहोराची वाळलेली शेंग, तीही खुळखुळते. गेरूचा खडा, साबणाची वडी, दोरीचा गुंडा आणि चिंधीची बाहुली. एवढेच.

थैली देताना आईशी बोलणे महत्त्वाचे. फडावर तिचा दिवस अंधारात सुरू होतो आणि अंधारात संपतो. तिला "रोज तासभर मुलाला शिकवा" म्हणणे म्हणजे तिच्या डोक्यावर आणखी एक मोळी ठेवणे. म्हणून आम्ही एवढेच सांगतो : संध्याकाळी चुलीपुढे बसशील तेव्हा लेकराला शेजारी घे, चानकीचा गोळा दे, आणि त्याच्याशी बोल. दहा मिनिटे.

इथे एक काळजी घ्यावी लागते. थोरली बहीण ही आयती बाई मिळते, आणि हे काम नकळत तिच्यावर पडते. आठ-नऊ वर्षांची मुलगी धाकट्याला सांभाळायला फडावर गेली की तिची शाळा सुटते. धाकट्याच्या खेळासाठी थोरलीचे शिक्षण खर्ची पडत असेल, तर तो खेळ आपल्याला नको. निघण्याआधी प्रत्येक घरी मी आधी थोरलीची राहण्याची सोय विचारते आणि मग थैली देते.

सण कोणाचा?

काही मंडळींनी प्रेमाने विचारले आहे : आपण नाताळचे खेळ घेतो, मग सगळ्या वस्तीने प्रार्थनेला यावे असे का सांगत नाही? यावर माझे मत स्पष्ट आहे. भुकेल्या घरातल्या मुलापुढे खेळ ठेवून त्याबदल्यात काही मागणे म्हणजे आमिष दाखवणे. पारधी समाजाने फार सोसले आहे. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी अनेक जमातींवर जन्मतः गुन्हेगार असा शिक्का मारला, तोच शिक्का यांच्याही माथी आला. स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये तो कायदा गेला, पण लोकांच्या नजरेतला संशय अजून पुरता गेलेला नाही. देणाऱ्याच्या हाताकडे ते बारकाईने पाहतात, आणि त्यांनी तसे पाहावे हेच योग्य आहे.

म्हणून आम्ही ज्या घरी जो सण, त्या घरी त्याचा खेळ करतो. पोळ्याला मातीचे बैल, दिवाळीला पणत्या आणि किल्ला, संक्रांतीला भाजल्या तिळाचा वास आणि गुळाचा चिकटपणा, होळीला पळसाची फुले रात्रभर भिजवून काढलेला केशरी रंग. नाताळात आम्ही आमचा सण म्हणून गव्हाण मांडतो, शेजाऱ्यांच्या मुलांना बोलावतो, कोणी विचारले तर गोष्ट सांगतो. गोष्ट ऐकायची की नाही, हे त्या घराने ठरवायचे. प्रभू गव्हाणीत आला तो कोणावर अट घालून आला नाही. आपणही घालू नये.

मग काय पाठवावे?

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येते. चमकी, प्लॅस्टिकची झाडे, बॅटरीची खेळणी कृपया पाठवू नका. दोन दिवसांत मोडतात, आणि मोडलेले खेळणे पाहून मूल जास्त रडते. त्याऐवजी हे पाठवा : धुतलेल्या जुन्या सुती साड्या, साबणाच्या वड्या, बसायच्या चटया, झाकणाचे छोटे डबे, पाठकोरे कागद, आणि लोकरीचे उरलेले गुंडे. शब्बाथ शाळेतल्या मुलांनी आपल्या हाताने थैल्या शिवल्या किंवा चिंध्यांच्या बाहुल्या केल्या, तर त्या आम्ही आनंदाने नेऊ. त्या करताना त्यांच्याही बोटांचा खेळ होईल.

आणि शक्य असेल तर स्वतः या. एक दुपार. पाहुणे म्हणून खुर्चीवर बसायला नको, जमिनीवर मांडी घालून माती मळायला या. एका बाईने एका लेकराशेजारी अर्धा तास बसून त्याचे बोलणे ऐकणे, याला पर्याय ठरेल असे खेळणे कोणत्याही दुकानात मिळत नाही.

आपल्या घरच्या नातवंडांनाही विसरू नका. आष्टीच्या कोपीतले लेकरू मातीवर आहे, पण त्याच्याशी बोलायला कोणाला सवड नाही. शहरातल्या लेकराच्या हाती मोबाईल आहे, आणि पुष्कळदा त्याच्याशीही बोलायला कोणाला सवड नाही. या आगमनकाळात चारही रविवारी एकेक खेळ घ्या : पहिल्या रविवारी गव्हाण, दुसऱ्या रविवारी मेंढरू, तिसऱ्या रविवारी तारा, चौथ्या रविवारी वासाच्या पुरचुंड्या. नाताळच्या सकाळपर्यंत आपल्या घरी एक मांडणी तयार होईल. ती सुबक नसेल. मेंढराला तीन पाय असतील, ताऱ्याचे टोक वाकडे असेल. ती सरळ करू नका.

फडावर गेलेल्या आपल्या कुटुंबांसाठी प्रार्थना करा : त्यांच्या हातापायांसाठी, उघड्यावर निजणाऱ्या लेकरांसाठी, आणि थोरल्या मुलींची शाळा सुटू नये म्हणून. मार्चअखेर गाड्या परत येऊ लागतील. तेव्हा या थैल्या कशा वापरल्या गेल्या, कोणती वस्तू हरवली आणि कोणती झिजली, हे मी पुढच्या अंकांत आपल्याला कळवीन.

आपणा सर्वांना नाताळच्या आणि नववर्षाच्या प्रेमपूर्वक शुभेच्छा.

आपली प्रभूमधील बहीण,
आष्टी, जि. बीड